स्वल्पविरामांची फाइल

११ मार्च

फाइल उघडली. आत कचरा.

मास्तरांचे शब्द असायला हवे होते. पडद्यावर होती न वाचता येणारी चिनी अक्षरं, मध्येच चौकोन, मध्येच कुठल्या तरी देशाच्या नाण्यावर असतात तसल्या खुणा. आपलं म्हणावं असं एक अक्षर नाही. बंद केली, परत उघडली. तेच.

सुल्गीला फोन लावला. पोरगी इंचॉनला ऑफिसात होती, तोंडावर हात धरून बोलत असावी.

"आई, फाइलवर डबल क्लिक केलंस ना?"

"मग आणखी काय करायचं असतं?"

"ती तशी नाही उघडायची. रविवारी सांगते. तोवर सेव्ह करू नकोस. काहीही विचारलं तरी 'नाही' म्हण."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "उघडेल हो. सुल्गी सांगणार आहे." त्यांनी मान हलवली. गेल्या शरदात झटका आला, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे एवढंच. मी बोलते, ते मान हलवतात. उजवा हात मांडीवर निजल्यासारखा पडलेला.

भाषा केंद्राच्या ह्यॉन बाईंना मे संपायच्या आत फाइल हवी आहे. जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्याच्या बोलीचा कोश काढतायत. म्हणाल्या, "मास्तरांकडे आहे तेवढं दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांचं नाव पहिल्या पानावर घालू." मी हो म्हणून बसले.

१७ मार्च

जमलं.

सुल्गीने फोनवरून एकेक पाऊल चालवलं. आधी एक्सेलचं कोरं पान. मग वर 'डेटा'. तिथून मजकुराची फाइल आत ओढायची. मग मशीन विचारतं, ही अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलेली आहेत? भलीमोठी यादी. त्यातलं यूनिकोड. मग विचारतं, रकाने कशावर तोडू?

"स्वल्पविरामावर," सुल्गी म्हणाली. "त्या फाइलीत रकाने नसतातच आई. नुसत्या ओळी, आणि मध्ये स्वल्पविराम. एक्सेल तिथे तिथे रेघ मारतं, एवढंच."

बटण दाबलं आणि सगळी अक्षरं आपापल्या जागी येऊन बसली. कार्डाचा क्रमांक, शब्द, अर्थ, वाक्य, सांगणाऱ्याचं नाव, फोन.

पहिला शब्द ओल्ले. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतचा दगडी बोळ. वाक्य — ओल्लेत कोण उभं आहे बघ. सांगणार — आई.

सासूबाई. त्या ओल्लेत मीच उभी होते. समुद्रापलीकडच्या तेगूची मुलगी, हातात बॅग, बोटीत उलट्या करून करून चेहरा पांढराफटक. त्यांनी दारातून मला बघून आत काहीतरी सांगितलं. मला अक्षर कळलं नाही. मास्तर हसत बाहेर आले आणि म्हणाले, "आई म्हणतेय, हिला आधी बसव, मग लग्नाचं बोलू." खरंच तसं म्हणाल्या होत्या का, देव जाणे. नंतर कितीदा विचारलं, त्यांनी कधी सांगितलं नाही.

लॅपटॉप उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताचं बोट त्यांनी पडद्यावर आईच्या नावावर ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

१९ मार्च

वाक्यं तुटली आहेत.

मास्तरांना स्वल्पविरामांची हौस. शाळेत मुलं चिडवायची, बू मास्तर श्वास घेतात तिथे टिंबाला शेपूट. ते म्हणायचे, "बोलताना माणूस थांबतो ना? मग लिहिताना का थांबू नये?" आता प्रत्येक थांब्यावर एक्सेलने रेघ मारली. 'वारा सुटला, होड्या वर ओढा, पोरांना आत घ्या' याचे तीन तुकडे झाले, होड्या सांगणाऱ्याच्या रकान्यात गेल्या, पोरं फोनच्या, आणि सांगणारी बाई त्याच्याही पलीकडे.

सुल्गी म्हणते, बाबांनी वाक्याभोवती अवतरणचिन्हं घातली असती तर हे झालं नसतं. बाबांना कोण सांगणार होतं.

ओळीओळीने जोडत बसले. कंटाळा नाही आला. त्यांचं बोलणंच ऐकल्यासारखं वाटत होतं, कुठे थांबायचे ते कळत होतं.

२२ मार्च

आज दोन चोऱ्या पकडल्या.

मास्तरांच्या जुन्या कार्डांचे क्रमांक होते, ३-४, ५-११ असे. पहिला गावाचा, दुसरा कार्डाचा. एक्सेलने त्यांच्या तारखा केल्या. तीन-चार म्हणजे चार मार्च. कुणी विचारलं होतं?

आणि फोनचं पहिलं शून्य गायब. जेजूचा कुठलाही नंबर शून्यानेच सुरू होतो. आकडा दिसला की पुढचं शून्य फुकटचं म्हणून टाकून देतं म्हणे. सुल्गी हसली. "तुझ्यासारखंच आई, घरात काही जास्तीचं दिसलं की टाकून देतेस."

सगळं पुसून परत पहिल्यापासून आत आणलं. या वेळी प्रत्येक रकान्याला बजावलं, तू आकडा नाहीस, तू तारीख नाहीस, तू नुसता मजकूर आहेस. मुकाट राहिले.

जोडलेली वाक्यंही गेली. परत जोडायची.

२५ मार्च

हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही?

शब्दाच्या रकान्यात जागोजागी प्रश्नचिन्ह आहे. मला वाटलं, मास्तरांना शंका असेल तिथे त्यांनीच घातलं असावं. आज 'घोडा' आला. अर्थाच्या रकान्यात घोडा, शब्दाच्या जागी नुसतं एक प्रश्नचिन्ह. घोड्याबद्दल मास्तरांना कसली शंका? या बेटावर जन्मलेल्या माणसाला?

आम्ही समुद्रापलीकडचे लोक घोड्याला माल म्हणतो. इथे तसं नाही. इथे तो स्वर आहे, ना धड अ, ना धड ओ, घशातून ओठांकडे येता येता वाटेत थांबलेला. मॉल असं काहीसं, पण तसंही नाही. मास्तरांनी लग्नानंतर महिनाभर मला शिकवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सासूबाई तर मी तो शब्द उच्चारला की तोंडावर हात दाबून बाहेर जायच्या.

जिथे जिथे तो स्वर, तिथे तिथे ते अख्खं अक्षर गेलं आहे. घोडा. वारा. चंद्र. कोंबडी. आणि 'बोलणे'. इथला बोलण्याचा शब्दच वेगळा, कॉत्ता, आणि त्यातही तोच स्वर. तिथेही प्रश्नचिन्ह.

सुल्गीला पडद्याचा फोटो काढून पाठवला. तिने संध्याकाळी फोन केला, तेव्हा आवाजावरूनच कळलं.

"आई, पेटीवरची चिठ्ठी चुकली असेल तर बदलता येते. पहिल्या दिवशी तसंच होतं. इथे पेटीतलंच गेलंय. ज्याने कोणी जुन्या मशीनमधून फाइल काढली, त्याच्या मशीनला ही अक्षरं माहीतच नव्हती. जे माहीत नाही तिथे ते प्रश्नचिन्ह टाकतं."

"मग परत कशी आणायची?"

"नाही येत. जुनं मशीन आहे का?"

नाही. दुकानात त्यातली फाइल काढून घेतली आणि ते भंगारात दिलं. आणि त्याच्या आधीची कार्डं त्या मोठ्या वादळात गेली, छपराचा कोपरा उडाला त्या वर्षी. खोलीभर कागदाचा लगदा. मास्तर गुडघ्यांवर बसून तो लगदा बादलीत भरत होते आणि मला म्हणत होते, "रडू नकोस गं. मशीनमध्ये घातलंय सगळं. तिथे पाणी शिरत नाही."

२६ मार्च

मास्तरांना अजून सांगितलं नाही.

२८ मार्च

ह्यॉन बाईंना सांगितलं. चांगली बाई आहे. मनापासून हळहळली. मग म्हणाली, "अर्थ आहे ना शाबूत? मग अर्थावरून साधी अक्षरं भरून टाका. तरुण पोरं आजकाल तो स्वर 'ओ' सारखाच काढतात. कोशात तळटीप देऊ."

सोपं होतं. मास्तरांना तसं सांगितलं, सगळंच सांगितलं. पडद्यावर घोड्याची ओळ दाखवली. त्या जागी साधा 'मोल' लिहिला आणि विचारलं, "चालेल?"

त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण लावलं. माझी बोटं मध्ये होती, जरा लागलं. मग तीच बोटं हातात धरून बसले.

३१ मार्च

प्रश्नचिन्हं नेमकी कुठे कुठे आहेत ते तरी बघू म्हटलं. सुल्गी म्हणाली होती, शोधून बदलायची सोय असते. शोधायचं प्रश्नचिन्ह, त्या जागी घालायचा मोठा गोल, म्हणजे ठळक दिसेल. मास्तर शेजारी होते. मी बटण दाबलं.

सगळं पान गोल गोल झालं. एक अक्षर उरलं नाही. शब्द गोल, अर्थ गोल, सासूबाईसुद्धा नुसते गोल. सुल्गीला फोन लावला.

फोनवर सुल्गी आधी किंचाळली, मग म्हणाली, "मागे घे, मागे घे, कंट्रोल धरून झेड. अगं, एक्सेलच्या भाषेत प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. त्याला खरंच प्रश्नचिन्ह हवं असेल तर आधी ती नागमोडी रेघ घालायची."

मागे घेतलं. सगळे परत आले.

आणि बाजूला कसला आवाज येतोय म्हणून वळून पाहिलं तर मास्तरांचे खांदे हलत होते. हसत होते. आवाज फुटत नव्हता नीट, पण हसणं होतं. डोळ्यांतून पाणी. गेल्या शरदानंतर पहिल्यांदा. मग मलाही आवरेना.

३ एप्रिल

आज काही नाही. शेजारची मून-ओक सामछुन काळ्या कपड्यांत डोंगराकडच्या स्मारकाला जाऊन आली. तिचा बाप आणि दोन भाऊ बेटावर कत्तल झाली त्या साली मारले गेले. परतताना आमच्या दारात थोडी फळं ठेवून गेली.

६ एप्रिल

ज्यांनी शब्द सांगितले त्यांनाच विचारावं, असं मनात आलं. नावं आहेत, नंबर आहेत, शून्यासकट. सकाळपासून फोन लावले.

'हा क्रमांक सध्या वापरात नाही.' ती बाई किती गोड आवाजात सांगते. पुढचा नंबर. तीच बाई. पुढचा. तीच.

एक लागला. पुरुष होता, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "आई? आई जाऊन तीन वर्षं झाली." मी क्षमा मागून ठेवणार, तर म्हणाला, "बू मास्तर म्हणजे ते मोटरसायकलवाले? मागे बायको बसायची, लाल मफलर?"

"ती मीच."

"आई तुमच्यासाठी रताळी उकडून ठेवायची. म्हणायची, मास्तर शब्द घेऊन जातात, निदान पोट भरून जावेत."

रताळी आठवतात. आम्ही रविवारी निघायचो. दगडी बांधांमधून वारा असा यायचा की मोटरसायकल तिरकी चालायची. किनाऱ्यावर पाणबुड्या बायकांचा दगडी आडोसा असायचा, आत शेकोटी. नुकत्याच पाण्यातून आलेल्या, ओठ निळे. मास्तर बाहेरच उभे राहायचे, पुरुषाने आत यायचं नसतं. मी आत, कार्डं हातात धरून. मास्तर भिंतीपलीकडून ओरडून विचारायचे, "लाट फुटून मागे सरते, त्या पाण्याला काय म्हणता?" आत सगळ्या खिदळायच्या. कुणीतरी भलताच शब्द सांगायची, बाकीच्या एकमेकींवर पडायच्या, आणि मी बापडी तो इमानाने लिहून घ्यायचे. बाहेर आले की मास्तर वाचायचे आणि कानापर्यंत लाल व्हायचे.

मास्तर त्या बायकांशी बेटाच्या बोलीत बोलायचे. माझ्याशी मात्र शाळेतली, पुस्तकातली शुद्ध भाषा. पहिल्या दिवसापासून. "तू पाहुणी आहेस," म्हणायचे. सवय पडली ती पडलीच.

७ एप्रिल

मून-ओक सामछुन डोंगरावरून खुडलेली कोवळी नेच्याची पानं घेऊन आली. मी इथे नवी आले तेव्हा बाईलाही 'काका' म्हणतात म्हणून हसले होते. इथे वयाने मोठं कुणीही असो, बाई नाहीतर बाप्या, सामछुनच.

मी फोनचं सांगितलं. तिने भाजीची पिशवी धाडकन खाली ठेवली.

"बेटभर फोन करत फिरतेस आणि मी भिंतीपलीकडे मेले होते का?"

"तुम्हाला त्रास—"

"त्रास! सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी जाऊन आले, तुझ्या ओसरीवर बसायला मला त्रास होतो? विचार काय ते."

मी वाचलं, "घोडा." ती बोलली. मला 'मोल' ऐकू आलं. परत म्हणायला लावलं. परत 'मोल'.

"मोल नाही गं, मोल नाही. मी तसं कुठे म्हटलं? ऐक —" आणि परत मला तेच ऐकू आलं. "कान आहेत का कानाच्या जागी? एवढी वर्षं झाली, तरी पलीकडची ती पलीकडचीच."

तेव्हा टकटक झाली. मास्तर. डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या हातावर वाजवत होते. सामछुनने परत शब्द म्हटला. टक. मग तिने मुद्दाम माझ्यासारखा म्हटला, 'मोल'. काही नाही. बोट थांबलं. परत तिचा. टक.

सामछुन त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "याला ऐकू येतंय सगळं. लिही तू."

१२ एप्रिल

ह्यॉन बाई येऊन मशीनवर तो स्वर लिहायची सोय करून गेल्या. जुन्या अक्षरांची, शेकडो वर्षांपूर्वी राजाने घडवली तसली. छोटंसं टिंब आहे फक्त. टिंबासाठी एवढं सगळं.

आता रीत अशी. मी अर्थ वाचते. सामछुन शब्द म्हणते. मास्तर वाजवतात, एकदा म्हणजे टिंब, दोनदा म्हणजे साधा ओ. मी लिहिते. मग पडदा मास्तरांकडे वळवते. ते बघतात. मान हलली की पुढची ओळ.

सकाळी भाजीपाला आवरला की सामछुन येते, दुपारच्या जेवणापर्यंत. जाताना म्हणते, "उद्या येणार नाही, कंबर गेली." उद्या येते.

१६ एप्रिल

वारा — पॉरुम. टिंब.
चंद्र — टिंब.
एकत्र, मिळून — टिंब.
कोंबडी — टिंब. सामछुनने कोंबडीसारखं ओरडूनही दाखवलं. मास्तर परत हसले. आज आवाजासकट.

१९ एप्रिल

भांडण झालं.

लाट मागे सरताना दगडांतून जो फेस राहतो, तो शब्द. सामछुन म्हणाली. मास्तरांचं बोट हललं नाही. परत म्हणाली. नाही. मास्तरांनी मान हलवली, जोरात, डावीकडे-उजवीकडे.

"काय नाही? माझ्या तोंडातला शब्द मला शिकवतोस रे सॉंगछान? तू चड्डीशिवाय किनाऱ्यावर फिरायचास तेव्हापासून मी त्या फेसात पाय घालून उभी आहे."

मास्तरांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. चेहरा लाल. घशातून काहीतरी वर येत होतं आणि येत नव्हतं. मला भीती वाटली, पुन्हा झटका येतो की काय. मी म्हटलं, राहू दे, ही ओळ सोडून देऊ.

सामछुन उठून ओल्लेपर्यंत गेली. तिथेच थांबली. परत आली तेव्हा चेहरा पडलेला होता.

"त्याचं बरोबर आहे. मी म्हणाले तो माझ्या सासरचा, पश्चिमेचा. लग्न होऊन गेले तेव्हा सासूने बोलून बोलून माझा शब्द मोडला होता. माझ्या आईचा वेगळा होता." आणि मग तो दुसरा शब्द तिने असा हळू म्हटला, जणू कुणी निजलंय. "किती वर्षांनी म्हटला मी हा."

टक.

मी लिहिला. टिंबासकट.

२४ एप्रिल

शहरात, बोलण्याच्या व्यायामाला. बाई मास्तरांसमोर चित्रं धरते. सफरचंद. छत्री. घोडा. "म्हणा, माल. मा-ल." मास्तर तिच्याकडे सौजन्याने बघतात. ती मला बाहेर म्हणाली, "आता फार अपेक्षा ठेवू नका, आजी. बरेच महिने झाले."

परतीच्या बसमध्ये त्यांचा हात हातात होता. खिडकीबाहेर दगडी बांध.

२ मे

'बोलणे' आला.

मुद्दाम मागे ठेवला होता. सामछुनने म्हटला. कॉत्ता. मास्तरांनी वाजवलं नाही. डोळे मिटून बसले होते. झोपले वाटलं. सामछुनने परत म्हटला, मग त्याचं वाक्य म्हणून दाखवलं, "काय बोलतोयस रे, नीट बोल की." मास्तरांचे ओठ हलले. आवाज नाही. पण ओठ हलले. मी पाहिले, सामछुननेही पाहिले. तिने मला डोळ्यांनीच दटावलं, गप्प राहा.

मग टक.

९ मे

संत्र्यांचा मोहोर. अख्खं गाव वासाने भरलंय. दारं उघडी टाकून काम केलं. अजून थोड्या ओळी.

सुल्गी दोन दिवस येऊन गेली. ओसरीच्या कडेला बसून आमचं तिघांचं चालू होतं ते बघत होती. जाताना म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं बाबांना आपल्यापेक्षा ते शब्दच जास्त आवडतात."

"मग आता?"

"आताही तसंच वाटतं. पण आता राग येत नाही."

१७ मे

संपलं. कुठेही प्रश्नचिन्ह नाही. नागमोडी रेघ घालूनच शोधलं, दोनदा.

काही ओळी रिकाम्या ठेवल्या. सामछुनला येत नव्हते, मास्तरांना सांगता येत नव्हते. अर्थ आहे, शब्द नाही. ह्यॉन बाई म्हणाल्या, तसेच छापू, रिकामी जागा ठेवून.

१८ मे

आज सेव्ह करायची.

केंद्राला स्वल्पविरामांचीच फाइल हवी आहे, त्यांचं मशीन तीच खातं. सेव्ह करायला गेले तर यादीत तसली दोन नावं. दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्ही स्वल्पविरामवाल्या. एकीच्या नावात यूनिकोड आहे, दुसरीच्या नाही. सुल्गीने आधीच सांगून ठेवलं होतं, दुसरी निवडलीस तर टिंबाची सगळी अक्षरं परत प्रश्नचिन्हं होतील, आणि मशीन चकार शब्द काढणार नाही.

तेव्हा त्या दुकानात असंच झालं असणार. कुणाचा तरी हात यादीत एक ओळ चुकला. त्याला काय माहीत.

यूनिकोडवाली निवडली. बंद केली. मग विश्वास बसेना. कोरं पान उघडून, डेटातून, सगळे प्रश्न नीट ऐकून, परत आत आणली. खाली घोड्यापर्यंत गेले. होता. टिंबासकट उभा होता.

मास्तरांना दाखवला आणि मग पाठवली.

२१ मे

ह्यॉन बाईंचा फोन. उघडली. सगळं दिसतंय. सामछुनचंही नाव घालणार आहेत. तिला सांगितलं तर म्हणाली, "माझं नाव कशाला, मला वाचता कुठे येतं." मग थोड्या वेळाने, "कुठे घालणार? पहिल्याच पानावर का?"

२५ मे

घर रिकामं वाटतंय. सकाळी सामछुन सवयीने आली, सवयीने बसली. विचारायला काही नव्हतं. मग तीच एकटी बोलत राहिली, समुद्राचं, मेलेल्या मैत्रिणींचं, त्या बाया पाण्याबाहेर डोकं काढून शीळ घालत श्वास सोडायच्या त्याचं. मास्तर ऐकत होते. मला निम्मं कळलं. मी वाटाणे सोलत बसले.

२९ मे

मास्तर बोलले.

दुपारी, सूपचा पहिला घोट घेऊन. अडखळत, पण अख्खं वाक्य. मला एक शब्द कळला नाही. वाडगा तिथेच टाकून भिंतीवरून सामछुनला हाका मारल्या. ती ओल्या हातांनीच आली. त्यांनी परत तेच म्हटलं. ती भिंतीला टेकून हसत सुटली, मग रडायला लागली.

"काय म्हणाले? सांगा ना."

"म्हणतोय, बायको गुणाची आहे. पण पंचेचाळीस वर्षं झाली, हिच्या हाताला मीठ नाही."

ते थांबेनात. बोलतच राहिले, खिडकीकडे बघत, सामछुनकडे बघत, माझ्याकडे बघत, एकामागून एक. मी त्यांच्या गुडघ्यांपाशी बसले. म्हटलं, "मास्तर, आपल्या भाषेत बोला ना. मला कळू दे."

सामछुनने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आपल्याच भाषेत बोलतोय गं तो."